कायद्याने बंधनकारक नसलेला खर्च संचालक मंडळाने मंजूर करावा का? ठराव कसा लिहावा?

सभा_कामकाज:
नमस्कार. सूचीबद्ध कंपनीच्या मंडळापुढे येणारा एक पेच मांडतो. कारखान्याचं सांडपाणी परवान्यातल्या मर्यादेत आहे, पण खालच्या अंगाच्या विहिरींत क्षार वाढत चालल्याचं कंपनीच्याच तपासणीत दिसतंय. प्रक्रियेचा आणखी एक टप्पा बसवला तर ते थांबेल. कायदा तो मागत नाही आणि त्यासाठी दोन वर्षं लाभांश कमी करावा लागेल. मोठ्या भागधारकाने नेमलेला संचालक म्हणतो, ‘आपलं काम नफा वाढवायचं, बाकीचं सीएसआरमधून (सामाजिक कामांसाठी कायद्याने ठरवलेल्या खर्चातून) करा.’ स्वतंत्र संचालकांना दोन्हीकडून भीती: मंजूर केलं तर भागधारक कोर्टात, नाकारलं तर गावकरी. मंडळाने कसं जावं? ठरावात नेमकं काय असावं?

कलमदान:
संचालकाचं कर्तव्य कंपनीप्रति असतं, त्याला नेमणाऱ्या भागधारकाप्रति नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १६६(२) सभेत मोठ्याने वाचून दाखवा. सभासदांचं हित, कंपनी, कर्मचारी, समाज आणि पर्यावरणाचं रक्षण हे सगळं त्या एकाच पोटकलमात आहे. ब्रिटनचं २००६ च्या कायद्यातलं कलम १७२ जास्त सावध आहे. तिथे कंपनीचं यश सभासदांसाठीच साधायचं, पण ते साधताना समाज आणि पर्यावरण विचारात घ्यायचं.

‘नफा हेच कर्तव्य’ म्हणणारे हमखास डॉज विरुद्ध फोर्ड (मिशिगन, १९१९) हा मोटार कंपनीवर तिच्याच भागधारकांनी लावलेला खटला काढतात. न्यायालयाने विशेष लाभांश वाटायला लावला हे खरं. पण कारखाना वाढवायचा की नाही, यात हात घालायला त्याच न्यायालयाने नकार दिला. कंपनीचे प्रमुख हेन्री फोर्ड यांना भोवली ती त्यांची साक्ष, कारण भागधारकांनी पुष्कळ कमावलं, आता इतरांचं भलं व्हावं, असा तिचा सूर होता. याउलट १९६८ च्या श्लेन्स्की विरुद्ध रिग्ली खटल्यात शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या कंपनीच्या मंडळाने मैदानावर रात्रीचे दिवे लावले नाहीत, म्हणून एक भागधारक भांडत होता. आजूबाजूच्या वस्तीवर होणारा परिणाम कंपनीच्या दूरच्या हिताशी जोडलेला असू शकतो, असं म्हणून न्यायालयाने मंडळाचा निर्णय राहू दिला. तेव्हा तुमच्या ठरावात ‘परोपकार म्हणून’ हे शब्द नकोत. ‘कंपनीच्या हितासाठी, कारण...’ असं लिहा आणि ते ‘कारण’ खरं असू द्या.

टिपणी_७दिवस:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण ठरावाच्या शब्दांपेक्षा त्याआधी संचालकांना दिलेली विषयाची लेखी टिपणी जास्त वाचवते. स्मिथ विरुद्ध व्हॅन गॉर्कम (डेलावेअर, १९८५) मध्ये कंपनी विकताना शेअरला बाजारभावापेक्षा चांगली किंमत मिळत होती, तरी संचालक दोषी ठरले. बैठक सुमारे दोन तासांची, त्यात वीस मिनिटांचं तोंडी सादरीकरण, आणि किमतीचा आधार सांगणारा कागद कुणासमोर नाही.

तुमच्या टिपणीत किमान तीन पर्याय हवेत: आहे तसं चालू ठेवणं, नवा टप्पा, उत्पादन कमी करणं. प्रत्येकापुढे भांडवली खर्च, दरवर्षीचा चालवण्याचा खर्च (वीज, गाळाची विल्हेवाट, हा आकडा हटकून कमी धरला जातो), रोख प्रवाहावरचा ताण आणि कायदेशीर जोखीम. ‘काहीच न करणं’ हा पर्याय फुकट दाखवू नका. इथेच बहुतेक टिपण्या चुकतात. नुकसानभरपाई, परवान्याच्या नूतनीकरणातली अडचण, उद्या मर्यादा कडक झाली तर घाईत करावं लागणारं काम, हे सगळं त्या रकान्यात जातं. विहिरींचा अहवाल मूळ स्वरूपात जोडा, सारांश नको. नमुने कुठून, कोणत्या महिन्यात घेतले ते त्यात दिसलं पाहिजे, कारण पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले क्षारांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. क्षार कारखान्यातूनच येतात की जमिनीतले, हे बाहेरच्या भूजलतज्ज्ञाकडून लेखी घ्या.

हे सारं सभेच्या किमान ७ दिवस आधी संचालकांच्या हाती पडावं. इतिवृत्ताचा मसुदा सभेनंतर १५ दिवसांत फिरवा, हरकतींना ७ दिवस, आणि ३० दिवसांच्या आत इतिवृत्त पुस्तकात नोंद. कुणी काय विचारलं, व्यवस्थापनाने काय उत्तर दिलं, कुणाचा विरोध का, हे थोडक्यात पण नावानिशी असावं. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लोकांची तोंडं बंद करायला देऊ’ अशी वाक्यं पडली, तर दाव्यात तीच पहिल्यांदा वाचली जातील.

कलमदान:
एक जोडतो. ‘मर्यादेत आहोत’ ही ढाल वाटते तेवढी जाड नाही. धोकादायक उद्योगांसाठी १९८६ च्या ओलियम वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण दायित्वाचं (निष्काळजीपणा नसला तरी भरपाई द्यायची) तत्त्व घातलं, आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे १९९६ पासून आपल्या कायद्याचा भाग आहे. विहिरींचा अहवाल मंडळाच्या टेबलावर आला, की ‘माहीत नव्हतं’ ही सोय संपली. तो फाइलला लावून पुढचा विषय घेणं सगळ्यात वाईट.

हिशेब_नीट:
सीएसआरबद्दल: तो मार्ग बंद आहे. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात केलेलं काम, किंवा दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम, सीएसआर खर्चात धरता येत नाही. आपल्याच कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणं हा उत्पादनखर्च आहे. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्क्यांत तो बसवला, तर लेखापरीक्षक काढून टाकतील आणि तेवढी रक्कम न खर्चलेली ठरेल. गावाला पिण्याचं पाणी पुरवणं सीएसआरमध्ये बसू शकतं, पण विहीर खराब होणं त्याने थांबत नाही.

सभा_कामकाज:
आभार. दोन शंका. नेमलेल्या संचालकाने मतदान करावं का? आणि कंपनीवर कर्ज बरंच असेल तर उत्तर बदलतं का?

कलमदान:
केवळ नेमलेला म्हणून तो बाजूला होत नाही. पण त्याच्या भागधारकाची दुसरी कंपनी हाच माल ठरलेल्या दराने उचलत असेल, तर त्याचा हितसंबंध कंपनी कायद्याच्या कलम १८४ खाली तपासा. नवी यंत्रणा पुरवणारा एखाद्या संचालकाचा नातेवाईक निघाला तर तिकडेही तेच. हितसंबंध निघाला तर तो उघड करायचा आणि त्या विषयावर चर्चेत व मतदानात भाग घ्यायचा नाही.

कर्जाचं उत्तर: हो, बदलतं. दिवाळखोरी दारात असेल तर धनकोंचं हित पुढे येतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या सेक्वाना निकालात हे तपशिलात मांडलंय. तेव्हा खर्च टप्प्यांत पाडा आणि कर्जाच्या करारातल्या अटी मोडत नाहीत हे मुख्य वित्त अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. कर्जदात्या बँकेची पूर्वसंमती करारानुसार लागत असेल, तर ती ठरावात पूर्वअट म्हणून घाला.