व्हिर्युलन्स: जहालपणा, विखार की आणखी काही?

अडलेली_ओळ: रोगजंतूंवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'व्हिर्युलन्सशी (म्हणजे जंतूच्या रोग घडवण्याच्या ताकदीशी) निगडित एन्झाइम ॲक्टिव्हिटी मोजली' या वाक्यापाशी अडले. मी लिहिले होते, 'विषाक्ततेशी निगडित विकरांचे प्रमाण मोजले.' तपासणाऱ्यांनी 'विषाक्तता' आणि 'प्रमाण' दोन्ही खोडून 'जहालपणा' सुचवला. जहाल म्हटले की मला मवाळच आठवतात. तुम्ही काय वापरता?

पेट्रीबशी: 'प्रमाण' खोडले ते योग्यच. विकर किती आहे हा प्रश्न वेगळा, ते किती काम करते हा वेगळा. विकराने मिनिटाला एक मायक्रोमोल द्रव्य पालटले की ते त्याच्या कामाचे एक एकक. नळी जास्त तापली तर प्रथिन तेवढेच राहते, काम मात्र थांबते. म्हणून 'क्रियाशीलता'. आकडाही दर मिलिग्रॅम प्रथिनामागे द्यावा, नाहीतर ज्या नळीत जंतू जास्त तीच जहाल ठरते.

काना_मात्रा: विषाक्त म्हणजे विष माखलेले; बाणाचे टोक विषाक्त असते, जंतू नव्हे. माझे मत 'विखार'. लॅटिनमधला 'व्हायरस' म्हणजे विषच, आणि तो आपल्या 'विष'चा सख्खा भाऊ. विषाचे विख झाले, आणि विखारी जीभ आजही सगळ्यांना कळते. घरात शब्द असताना बाहेर कशाला शोधायचा?

पेट्रीबशी: शब्द देखणा आहे, पण फसवेल. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू युरियेज या विकराने युरियाचा अमोनिया करतो, भोवतालचे आम्ल मारतो आणि जठरात तग धरतो. हे विकर नसेल तर त्याला तिथे पाय रोवता येत नाही. यात विखार कुठला? ही चिवट जगण्याची सोय.

काना_मात्रा: आणि जखमा सडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे अल्फा विष? ते लेसिथिन हे पेशींच्या आवरणातले स्निग्ध द्रव्य फोडणारे विकर आहे हे मॅकफार्लेन आणि नाइट यांनी १९४१ मध्येच दाखवले. तिथे विष आणि विकर एकच.

जुनी_वही: मुळात 'विकर'च का? शाळेच्या पुस्तकाबाहेर मी तो कुणाच्या तोंडी ऐकला नाही. काम करणारे एन्झाइम म्हणतात, तेच लिहा. शिवाय नावावरून विकर ओळखायला गेलात तर फसाल. शिकत असताना मी स्टॅफिलोकॉकस या जंतूची कोॲग्युलेज चाचणी, म्हणजे तो रक्तद्रव गोठवतो का हे पाहायची चाचणी, लावली होती. सशाचा रक्तद्रव, ३७ अंश. चार तासांनी बघायचे राहिले. सकाळी नळी तिरकी केली तर द्रव सरळ ओघळला. 'गोठले नाही' असे वहीत लिहिले. चाचणी पुन्हा लावून वेळेवर पाहिली तेव्हा घट्ट गोळा! त्याच जंतूचे स्टॅफिलोकायनेज हे दुसरे प्रथिन रात्रीतून गुठळी विरघळवत होते. आणि कोॲग्युलेज स्वतः काहीच कापत नाही, प्रोथ्रोम्बिन या रक्तातल्या प्रथिनाला बिलगून त्याच्याकडून काम करून घेते. नावाच्या शेवटी विकरांसारखे 'एज', पण खऱ्या अर्थाने विकर नाही.

काना_मात्रा: एन्झाइम तरी कुठे स्वयंभू आहे? क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने ग्रीकमधून 'खमिरातले' अशा अर्थाने तो घडवला. त्याने घडवलेला चालतो, आपण घडवलेला का नाही?

अडलेली_ओळ: आणखी एक. बशीत वाढलेल्या जंतूंच्या वसाहतीभोवती दिसणाऱ्या 'हेलो'ला मी 'प्रभामंडळ' केले आहे.

जुनी_वही: छे, ते देवांच्या तसबिरींना! चंद्राला पडते ते खळे. दूध घातलेल्या पांढऱ्या बशीवर केसीन हे दुधातले प्रथिन फोडणारा जंतू वाढवा, ठिपक्याभोवती निवळ खळे पडलेले दिसेल.

पेट्रीबशी: अंड्याच्या बलकाच्या बशीत उलट होते. लेसिथिन फुटले की भोवती दुधट गढूळपणा येतो. तिथेही खळेच?

जुनी_वही: हो, चंद्राचे खळे तरी कुठे निवळ असते!

काना_मात्रा: 'वलय' पुरे. खळे म्हटले की मला मळणी दिसते.

पेट्रीबशी: शब्द कोणताही घ्या, पण पट्टी लावून काढलेला व्यास म्हणजे क्रियाशीलता नव्हे. थर पातळ की जाड, विकर किती लवकर पसरते, यावर खळे लहानमोठे होते. जंतूंची आपसात तुलना करायला ठीक. एककांत आकडा हवा असेल तर जंतू वाढवलेल्या द्रवाची (संवर्धाची) वरची निवळ घेऊन वेळ लावूनच बघावे लागते.

अडलेली_ओळ: मूळ लेख पुन्हा उघडला. त्यांनी फक्त खळ्यांचे व्यास दिले आहेत, एकक कुठेच नाही. मग 'क्रियाशीलता मोजली' लिहू की 'अजमावली'? आणि व्हिर्युलन्सची जागा अजून कोरीच आहे.