मेसच्या ताटात रानभाजी: हट्ट धरावा का?

परसबाग:
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ सांगितलं आहे. बटाटा त्यात धरत नाहीत. आता होस्टेलच्या रश्श्यातून बटाट्याच्या फोडी बाजूला काढा आणि काय उरतं ते बघा. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू दाराशी उगवतं, आणि आपली मुलं घाट उतरून आलेल्या कोबी-फ्लॉवरवर दिवस काढतात! जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी रानभाजी हवीच.

खलाटी:
अजिबात पटत नाही. टाकळा कोवळा असतो तो पहिल्या पावसानंतरचे थोडे दिवस, मग पान जून होतं. माणशी १०० ग्रॅम धरलं तरी ५० मुलांना ५ किलो निवडलेला पाला लागतो. सकाळच्या घाईत तो खुडणार कोण? अळूला चिंच किंवा कोकम कमी पडलं, शिजायला कच्चं राहिलं, की घसा खाजतो. एकदा खाजला की तो मुलगा पुन्हा अळूला हात लावत नाही. त्यापेक्षा रोज एक पेरू द्या. चिरणं नाही, शिजवणं नाही, आणि क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट.

परसबाग:
टाकळ्याचं मान्य. मग लाल माठ घ्या. चिरण्याआधी धुवा, आणि पाणी ओतू नका, पाला वर उचलून घ्या, म्हणजे रेती तळाशी राहते. असं तीनदा. लसूण-मिरचीची फोडणी, अंगच्याच पाण्यात शिजवायचं, खोबरं शेवटी. मीठही शेवटीच! कच्च्या ढिगाच्या अंदाजाने घातलं की भाजी आळते आणि खारट होते. मेसमधली पालेभाजी ताटात उरते ती बरेचदा यामुळेच.

तवसं:
पेरू उत्तम, पण एका पेरूने ४०० ग्रॅम भाजी भरून निघत नाही. काकडी विसरलात का दोघंही? माणशी १०० ग्रॅम कोचवलेली काकडी, मीठ वाढताना, नाहीतर पाणी सुटतं. माठाबरोबर लिंबाची फोड द्या, लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या, चहातलं टॅनिन लोह अडवतं.

खलाटी:
काकडीला माझी हरकत नाही. पालेभाजी मात्र मुलं आळीपाळीने निवडायला बसणार असतील तरच. एकट्या आचाऱ्यावर टाकलीत, तर दुसऱ्या आठवड्यात रश्श्यात बटाटा परत येईल.