युरोव्हिजनला देशाने आपल्याच भाषेतले गाणे पाठवावे का? (संदर्भ : पोर्तुगाल, २०१७)

धागाकर्ता

युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातील देशांच्या प्रसारण संस्थांची वार्षिक गीतस्पर्धा आहे. कोणत्याही भाषेत गाण्याची मुभा १९९९ पासून मिळाल्यावर बहुतेक देश इंग्रजीकडे वळले. माझ्या मते, जे गाणे देशाच्या नावाने उभे राहते ते त्या देशाच्या भाषेतच असायला हवे. पोर्तुगालचेच पाहा. १९६४ पासून भाग घेणाऱ्या या देशाची मजल सहाव्या क्रमांकापलीकडे कधी गेली नव्हती. २०१७ मध्ये कीव्हला साल्व्हादोर सोब्रालने बहीण लुइझा हिने रचलेले ‘आमार पेलुश दोइश’ पोर्तुगीजमध्ये गायले. मुख्य रंगमंच सोडून तो प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या छोट्या मंचावर एकटाच उभा होता. नर्तक नाहीत, आतषबाजी नाही, अंगात ढगळ काळा कोट, डोळे मिटलेले आणि बोटे सुरांबरोबर हवेत थरथरणारी. परीक्षकांचे ३८२ आणि प्रेक्षकांचे ३७६ असे ७५८ गुण त्याला मिळाले, आणि दोन्हीकडे तोच पहिला होता.

प्रतिसाद १

आपले म्हणणे मला पटत नाही. पोर्तुगालने त्याआधीही जवळजवळ दरवर्षी पोर्तुगीजमध्येच गाणी पाठवली होती. यशाचे कारण भाषा असते, तर विजयासाठी अर्धशतक लागले नसते. पुढच्याच वर्षी यजमान लिस्बनमध्ये त्यांनी पुन्हा स्वभाषेतच गाणे सादर केले आणि ३९ गुणांसह ते शेवटच्या, म्हणजे २६व्या, क्रमांकावर राहिले. २०१७ मध्ये जिंकली ती लुइझाची चाल आणि साल्व्हादोरचा गळा. याउलट, १९७४ मध्ये स्वीडनचा ‘आबा’ हा गट इंग्रजीत गाऊन जिंकला, म्हणून तो कमी स्वीडिश ठरला असे कोणी म्हणेल का? भाषेची सक्ती स्पर्धेने पूर्वी दोनदा करून पाहिली आणि दोन्ही वेळा मागे घेतली. कोणत्या भाषेत गायचे हे गायकाने ठरवावे.

प्रतिसाद २

मी गोव्याची आहे. आमच्या घरी जुनी पिढी पोर्तुगीज बोलत असे, त्यामुळे ‘तुझ्या मनात प्रेम उरले नसेल, तर दोघांच्या वाट्याचे मी एकटाच करीन’ हा गाण्याचा आशय मला ऐकताक्षणीच कळला. ज्यांना तो कळला नाही अशांनीही भरभरून मते दिली, हे खरे. पण त्या ओळींतले लांबवलेले, नाकात घोळणारे स्वर इंग्रजीत आले असते असे मला वाटत नाही. चाल आणि भाषा इतक्या सहज वेगळ्या काढता येत नाहीत, म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

धागाकर्ता

प्रतिसाद १ यांना : क्रमांक हा माझ्या मुद्द्याचा एक भाग झाला, पाया नव्हे. आपण १९७४ चा दाखला दिलात, तर त्याच रात्री पोर्तुगालचे काय झाले तेही पाहू. पाउलो द कार्व्हाल्योने गायलेले ‘इ देपोइश दु आदेउश’ अवघ्या ३ गुणांसह तळाला गेले. त्याच महिन्यात, २४ एप्रिलच्या रात्री, लिस्बनच्या आकाशवाणीवरून हेच गाणे वाजले आणि हुकूमशाही उलथवायला निघालेल्या लष्करी अधिकाऱ्यांना तो पहिला इशारा ठरला. परीक्षकांनी नाकारलेले गाणे देशाच्या इतिहासात जाऊन बसले. परक्या भाषेतल्या गाण्याला ही जागा मिळाली असती, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद १

हा दाखला हृद्य आहे, पण तो आपल्या मताला पुरेसा आधार देत नाही. ते साधे प्रेमगीत होते, त्यात राजकारणाचा मागमूस नव्हता, आणि सर्वांच्या परिचयाचे असल्यामुळे ते वाजले तरी कोणाला संशय येणार नव्हता. त्याची निवड त्यासाठी झाली. शिवाय खुद्द पोर्तुगालने २०२१ मध्ये पहिल्यांदाच संपूर्ण इंग्रजी गाणे पाठवले आणि त्याला बारावा क्रमांक मिळाला. ते गाणे त्यांच्याच राष्ट्रीय निवड स्पर्धेतून आले होते. तेथील परीक्षकांना आणि प्रेक्षकांना ते आपले वाटले असेल, तर ते पोर्तुगीज नाही असे आपण बाहेरून कसे ठरवायचे?

धागाकर्ता

ठरवायचे त्यांनीच, यात वाद नाही. मात्र त्या निवडीत युरोपभरच्या प्रेक्षकांना कोणती भाषा सोपी जाईल हा हिशेब शिरत असेल, तर तो निर्णय केवळ कलेचा राहत नाही, आणि माझा आक्षेप त्या हिशेबाला आहे.