९० दिवस नोटीस लावणारी कंपनी 'तात्काळ रुजू होणारा' कशी काय मागते?

हिंजवडीवाला
माझं मत आधीच सांगतो: नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढायचे दिवस, ३० च्या वर नसावा. पुण्याच्या आयटीत हिंजवडी असो की खराडी, एचआरचा फोन आला की पहिला प्रश्न अनुभवाचा नसतो, "नोटीस किती?" हा असतो. ९० म्हटलं की "आम्हाला १५ दिवसांत हवाय" म्हणून फोन बंद. अशाच एका कंपनीने माझ्या मैत्रिणीला घेतलं, कारण ती आधीच पेपर टाकून, म्हणजे राजीनामा देऊन बसली होती. तिच्या ऑफर लेटरमध्ये काय लिहिलंय? नोटीस पिरियड ९० दिवस. म्हणजे दुसऱ्याकडचा माणूस पंधरवड्यात सुटला पाहिजे आणि आपल्याकडचा तीन महिने हलता कामा नये.

आता लोक हातात काही नसताना राजीनामा देतात, का तर प्रोफाइलवर 'सध्या नोटीसवर' दिसावं. घराचा हप्ता चालू असलेल्या माणसाने नोकरी मिळावी म्हणून आधी नोकरी सोडायची! याला भरती म्हणायचं?

भरतीवाली
असहमत. मी हेच काम करते. ९० दिवस कुणाच्या हौसेने आलेले नाहीत. क्लायंटला नाव देऊन माणूस दाखवलेला असतो. तो महिन्यात गेला तर बदली शोधा, क्लायंटची मुलाखत, मंजुरी, मग केटी, म्हणजे जाणाऱ्याने नव्याला काम समजावून देणं. तीस दिवसांत हे बसतच नाही.

आणि उमेदवारांचंही बोला की. आमचं ऑफर लेटर दाखवून दुसरीकडे पगार वाढवून घ्यायचा आणि ते लेटर घेऊन तिसरीकडे जायचं. रुजू व्हायच्या दिवशी इथे लॅपटॉप तयार, आयडी कार्ड छापलेलं, आणि फोन स्विच ऑफ. सुप्रीम कोर्टानेही मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांच्या आत सोडलं तर २ लाख रुपये भरायची अट वैध ठरवली आहे. करार हा करार असतो.

वकिली चष्मा
ताई, तो निकाल बाँडचा आहे, नोटीसचा नाही. सरकारी बँकेला जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन माणूस भरावा लागतो, तो खर्च कोर्टाने लक्षात घेतला. खासगी कंपनीच्या ९० दिवसांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

मुळात कोर्ट कुणाला जबरदस्तीने कामावर बसवत नाही, फार तर पैसे वसूल होतात. खरी पकड रिलीव्हिंग लेटरची, म्हणजे कंपनीने रीतसर सोडल्याच्या पत्राची. ते अडवलं की पुढची कंपनी घेत नाही, म्हणून माणूस गुमान बसतो. बायआउटचं (पैसे भरून नोटीसचे दिवस कमी करण्याचं) कलमही नीट वाचा: 'कंपनीच्या मर्जीनुसार' असे शब्द असतात. कंपनीला काढायचं असेल तर पगार देऊन त्याच दिवशी मोकळी, तुम्ही मात्र पैसे देऊनही सुटालच असं नाही.

जाता जाता: फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लावलेला दिसला तर भांडा. तो लागत नाही, हे अर्थ मंत्रालयाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय.

म्युनिककर
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. जर्मनीत कायद्याने कर्मचाऱ्याची नोटीस चार आठवड्यांची, पण करारात तीन महिने सर्रास असतात. तरी इथे कुणी 'तात्काळ या' म्हणत नाही. ऑगस्टमध्ये निवडलेला माणूस डिसेंबरात येणार हे गृहीत धरूनच जागा काढतात. शिवाय नागरी कायद्याच्या कलम ६२२ नुसार कर्मचाऱ्याची मुदत कंपनीच्या मुदतीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तेव्हा दिवस किती यावर भांडण्यापेक्षा दोन्ही बाजूंना सारखे आहेत का ते बघा.

हिंजवडीवाला
सारखेपणा मिळाला तर मी आकड्यावर कमी भांडेन, पण इथे तो मिळत नाही म्हणून ३० वर ठाम आहे. आणि केटीचं कारण तर अजिबात मान्य नाही. राजीनाम्यानंतर पहिले दोन महिने कुणी विचारत नाही. बदलीचा माणूस ८० व्या दिवशी येतो आणि जाणारा उरलेल्या आठवड्यात टीम्सवर स्क्रीन शेअर करून पाच वर्षांचं काम सांगतो. हेच ३० दिवसांतही झालं असतं. @भरतीवाली, तुमची ऑफर उमेदवार तीन ठिकाणी फिरवतो, कारण फिरवायला त्याच्याकडे तीन महिने असतात. मुदत कमी करा, पळणारेही कमी होतील.

भरतीवाली
८० व्या दिवसाचं खरं आहे, मीही ते बघते. पण दोष नोटीसचा नाही. राजीनामा आला की मॅनेजर आधी 'थांबवून बघू' म्हणतो, मग बजेटची मंजुरी, आणि जागा माझ्यापर्यंत येते तोवर अडीच महिने गेलेले असतात. मग मला 'तात्काळ' शोधण्यावाचून गत्यंतर नसतं. नोटीस ३० ची केलीत तर हाच मॅनेजर माणूस गेल्यावर दोन महिन्यांनी जागा काढेल. राजीनामा मेलवर आला त्याच दिवशी बदलीची जागा उघडायची, असा नियम करा. ९० दिवसांवर माझी हरकत नाही.