विशेष शाळेतल्या मुलांना गृहपाठ: छळ की गरज?

राजेंद्रनगरकर
परवा इथे कोणीतरी लिहिलं की विशेष शाळेतल्या मुलांना गृहपाठ देणं हा छळ आहे, सरसकट बंद करा. खाली नुसता टाळ्यांचा पाऊस! मला नाही पटलं. माझी भाची डाउन सिंड्रोमची, वय १६. वर्गात खोटी नाणी बिनचूक मोजते. किराणा दुकानात खऱ्या पैशांनी गांगरते. या मुलांना एका जागी आलेलं दुसऱ्या जागी आपोआप येत नाही. मग घरी, दुकानात, सिटी बसमध्ये सराव कोण घेणार? 'बिचारी मुलं' म्हणणाऱ्यांना त्यांच्याकडून मुळात काही अपेक्षाच नसते.

सुदामानगरची आई
काका, भाचीचा सराव तुम्ही घेता की तुमची बहीण?
माझा मुलगा ऑटिस्टिक, ९ वर्षांचा. रोज चार पानं 'क' गिरवायचा. पेन्सिल त्याच्या हातात, त्याचा हात माझ्या हातात. लिहिते मीच, आणि सकाळी स्टार त्याला! शाळेनंतर ओटी, म्हणजे रोजची कामं हातानं करायला शिकवणारी थेरपी, मग बोलण्याची स्पीच थेरपी, घरी येईपर्यंत तो पार थकलेला. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर २ तास. आमच्याच पोरांनी काय घोडं मारलंय?

विशेष शिक्षिका
ताई, तो गृहपाठ नाही, वही भरण्याचा उद्योग आहे. आयईपीत, म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेल्या शिक्षण-योजनेत, 'बटण लावणं' लिहायचं आणि घरी 'क' द्यायचा! पण पालकही कमी नाहीत. वही कोरी दिसली की 'फी कशाची घेता' विचारतात. चार बटणं आईनं लावावीत, शेवटचं मुलानं, एवढंच दिलं तर हसतात. आणि हो, इथे इंदुरात वर्ग हिंदीत चालतो, तर घरीही हिंदीतच बोला, नाहीतर मूल गोंधळतं.

जेलरोडवाला
हिंदीतच?? नातवाला बोलायला उशीर झाला, तर थेरपिस्टबाईंनी घरातली मराठी बंद करायला लावली. आमच्या हिला हिंदीत लाड करता येत नाहीत, ती त्याच्याशी बोलेनाशीच झाली. हा कुठला उपचार?

सुदामानगरची आई
आम्हालाही हेच सांगितलं होतं! सासूबाई अजून माझ्यावरच डाफरतात.

राजेंद्रनगरकर
दोन भाषांमुळे बोलणं मागे पडतं, हे अभ्यासांत टिकलेलं नाही. डाउन सिंड्रोमच्या मुलांवरही अभ्यास झालेत. शिक्षिकाबाईंनी जरा वाचावं.

विशेष शिक्षिका
वाचलंय. वर्गात १२ मुलं एकटीनं सांभाळताना पुस्तक आठवत नाही, एवढंच. शिवाय इंदुरात बसवाला, दुकानदार सगळे हिंदीच बोलतात.

जेलरोडवाला
बसवाला रात्री गोष्ट सांगायला येतो का, बाई?

विशेष शिक्षिका
बरं बाबा, घरी मराठीच बोला. अहिराणीही बोला. मूळ धागा गृहपाठाचा होता, आठवतंय का कोणाला?

राजेंद्रनगरकर
मी तेच म्हणत होतो. बटणाचा सराव हाही गृहपाठच. म्हणजे बंद करा म्हणणारे चुकलेच.

सुदामानगरची आई
जिंकलात, घ्या पेढे. बटणाचं द्या, मी घेईन. 'क' आला तर वही तशीच परत पाठवीन. आणि आठवड्यातून दोन दिवस बाबांनी घ्यायचा, असं वहीत लिहून द्या.

विशेष शिक्षिका
दिलं होतं एकदा लिहून. खाली सही आईचीच आली.