पशुसंवर्धनाची शिबिरं नेमकी कुणासाठी?

माणदेशी: आमच्याकडं शिबिर झालं की सगळं बोलणं मुक्त गोठा (जनावरं न बांधता मोकळी ठेवायची), मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि एचएफ म्हणजे जास्त दुधाच्या विदेशी गाईंवर. पण ज्याला जमीनच नाही, चार शेळ्या आहेत, त्यानं मुरघास कशाचा करायचा? तुमच्याकडं कसंय?

शेळीवाली: दादा अगदी खरंय. शिबिर सकाळी ११ ला ग्रामपंचायतीत, तेव्हा बाया शेळ्या घेऊन रानात नायतर मजुरीला. आंत्रविषाराची (शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्याचा जीवघेणा रोग) लस पावसाळ्याआधी द्यायची हे सांगतात घरातल्या पुरुषाला, आणि करडं सांभाळते बाई! राग येतो खूप.

फलटणकर: आम्ही धनगर, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो ते पावसाच्या तोंडाला माघारी, दवाखाना मात्र गावात एका जागी, मग वाटेत मेंढरू आजारी पडलं की मेडिकलवाला देईल ते औषध पाजायचं. वाटेवरच्या तालुक्यांनी आमच्या वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी येऊन लस दिली पाहिजे, एवढंच मागणं आहे.

गटवाली: शेळीवाली ताई, उमेदच्या (सरकारी अभियानातल्या) महिला बचत गटात पशुसखी, म्हणजे जनावरांची माहिती देणारी बाई, आहे का बघा. आमची गावातलीच आहे, स्वतः शेळ्या पाळते, त्यामुळं बाया न लाजता विचारतात, जंतनाशक कधी पाजायचं तेपण घरी येऊन सांगते. आणि फलटणकर दादा, जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ या नंबरवर फोन लावून बघा.