बुडवलेलं जहाज माशांची खानावळ की नुसती धर्मशाळा?

खडपातला खेकडा (धागाकर्ता):
2024 साली नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ बुडवायची योजना जाहीर झाली, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरतंय: "जहाज बुडालं की मासळी वाढणार." पर्यटन होऊ दे, पाणबुडे येऊ देत, तक्रार नाही. पण मासा लोखंड खात नाही हो. मेक्सिकोच्या आखातात कृत्रिम भित्तिकांवरच्या (मासे यावेत म्हणून समुद्रात मुद्दाम टाकलेल्या ढाच्यांवरच्या) तांबोशींची (रेड स्नॅपर माशांची) पोटं उघडून बघितली, तर बरंचसं खाणं आजूबाजूच्या वाळू-चिखलातलं निघालं. मुक्काम इथे, जेवण बाहेर! मग वाढलं काय? आसपासचा मासा एका जागी आला, इतकंच. होडीवर एलईडी दिवे लावूनही मासा गोळा होतो. त्याला कुणी "मासळी वाढली" म्हणत नाही. केंद्रानं 2017 साली त्यावर बंदी घातली.

शिनाण्याची आमटी:
एलईडीची तुलना साफ चुकली. दिवा विझला की मागे काही उरत नाही. तुम्ही कधी सहा महिने पाण्यात राहिलेला बोयाचा दोर ओढलाय? हात लावाल तिथे बार्नाकल (चिकटून बसणारे धारदार कवचाचे जीव), तळवा सोलून निघतो. मध्ये शिनाण्यांचे (शिंपल्यांचे) झुबके. दोर बादलीवर झटकला की तांदळाच्या कणीएवढे कोळंबीसारखे जीव टणाटण उडतात. बार्नाकल, शिनाणे काय खातात? प्रवाहातून वाहत जाणारं प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) गाळून खातात. एरवी पुढे निघून गेलं असतं ते इथे अडतं, त्याचं मांस होतं. त्यांची विष्ठा खाली पडते, ती तळातले किडे खातात. हे नवीन अन्न नाही तर काय? कॅलिफोर्नियाच्या तेल-फलाटांवर (समुद्रात खांबांवर उभ्या तेल काढायच्या मंचांवर) 2014 साली अभ्यास प्रसिद्ध झाला. समुद्रतळाच्या दर चौरस मीटरमागे मासळीचं उत्पादन काढलं, तर ते जगात मोजलेल्या सागरी अधिवासांमध्ये अगदी वरच्या क्रमांकाचं.

खडपातला खेकडा:
फलाट तळापासून पार पृष्ठभागापर्यंत उभा असतो. एवढ्या खांबांवरची मासळी, आणि भागायचं पायाखालच्या टिचभर जागेनं. आकडा मोठा येणारच. तळाशी बसलेलं जहाज म्हणजे फलाट नव्हे.

टायरवाला:
फ्लोरिडात 1972 साली ऑस्बोर्न रीफ म्हणून लाखो टायर समुद्रात टाकले. बांधलेले पट्टे सुटले आणि तेच टायर वादळात गडगडत जवळच्या खऱ्या प्रवाळावर आदळले. "काहीही टाका, मासा येतो" म्हणणाऱ्यांसाठी.

शिनाण्याची आमटी:
टायर आणि साफ करून बुडवलेलं जहाज एकाच तागडीत? असो.

नत्र पंधरा:
दोघंही पोटावरून भांडताय, पण पोट फक्त शेवटचं जेवण सांगतं. महिन्यांचा हिशेब माशाच्या मांसात असतो. अन्नसाखळीत एक पायरी वर चढलं की जड नत्राचं (नायट्रोजन-15 चं) प्रमाण साधारण हजारी 3.4 नं वाढतं, आणि कार्बनवरून कळतं की मूळ अन्न प्लवकाचं की तळाचं. शिवाय "मासा" म्हणजे कोण? प्लवक टिपणारे थवे प्रवाहाकडे तोंड करून जहाजाच्या वरच्या अंगाला तरंगतात. हेकरू (मोठा शिकारी मासा) कपारीत दबा धरून त्यांनाच गट्टम करतो. त्यांच्यापुरती ती खानावळच. तांबोशीसाठी धर्मशाळा. ती भोवतालची वाळू चरते, म्हणून भित्तिकेजवळच्या वाळूतले जीव विरळ झालेले काही ठिकाणी दिसलेत. दोन भित्तिका फार जवळ टाकल्या की भोवतीची ही चरून संपलेली वर्तुळं एकमेकांवर येतात. अंतर किती ठेवणार, हे विचारा ना आधी.

गरवणारो:
मासो खंय जेवता तां सोडा, पकडतलो कोण तां सांगा. जहाजात जाळी फाटते म्हणून ट्रॉलर लांब राहील, तेवढं बरं. पण ठिकाण जीपीएसवर सगळ्यांकडे असणार. पन्नास होड्या गळ टाकून वर उभ्या राहिल्या तर तुमची खानावळ चार दिवसांत रिकामी.

खडपातला खेकडा:
गरवणारो, हे मी लिहायला हवं होतं. नत्र पंधरा, प्लवकवाल्या थव्यांपुरतं मान्य. तांबोशीवर मी ठाम. आणि आमटीताई, त्या दोराचा फोटो टाका. उडणारे जीव दिसले पाहिजेत.